मुलांच्या कपाटाची किल्ली

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाची तपासणी करण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. तपासणीला आलेला अधिकारी काय पाहतो, हे ज्यांनी एखाद्या ग्रंथालयाचा कारभार केला आहे अशा श्रोत्यांना ठाऊक असेलच. तो दाखल नोंदवही पाहतो, वर्गणीच्या पावत्या पाहतो, रोजकीर्द चाळतो आणि शेवटी कपाटांवरून एक नजर फिरवतो. मीही तेच केले. बालविभागाच्या दोन काचेच्या कपाटांसमोर मात्र मी क्षणभर थबकलो. आतली पुस्तके इतकी नीटनेटकी लावलेली होती, की त्यांच्या पाठीवरचे क्रमांक दुरूनही वाचता यावेत. एकही पान दुमडलेले नव्हते, एकही मुखपृष्ठ निखळलेले नव्हते. मी समाधानाने शेरा लिहिला : "बालविभागातील पुस्तके उत्तम स्थितीत आढळली."

निघताना पायरीवर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी होती. तिने विचारले, "काका, आज ते मुलांचं कपाट उघडलंय का हो?"

"हो. का गं?"

"मग मी पटकन आत जाते. कुणी साहेब येणार असले की उघडतात."

ते साहेब म्हणजे मीच, हे तिला ठाऊक नव्हते. ती आत गेली आणि मी गाडीत बसलो. मागे फिरून शेरा बदलावा, असे मनात आले होते. पण मी तो बदलला नाही. पुढच्या गावी पोहोचावयाचे होते, आणि कागदावर जे लिहिले होते त्यात तसे असत्य काहीच नव्हते. पुस्तके खरोखरच उत्तम स्थितीत होती. कोणीही न वाचलेली पुस्तके दुसऱ्या कोणत्या स्थितीत असणार?

मुलांची व कुमारांची ग्रंथालये हा आजचा विषय मला सुचविण्यात आला, तेव्हा मला प्रथम तो शेरा आठवला. म्हणून त्याच्यापासूनच आरंभ केला.

मुलांना वाचावयास दिले पाहिजे, हे आपल्याकडे कोणी नाकारीत नाही. विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक काढले ते १८८१ साली. वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ पासून निघू लागला. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' १९७१ मध्ये सुरू झाले. म्हणजे मुलांसाठी लिहिण्याची आपली परंपरा शंभर वर्षांहून कितीतरी जुनी आहे. उणीव आहे ती लिहिलेले आणि छापलेले पुस्तक मुलाच्या हातापर्यंत नेणाऱ्या शेवटच्या चार पावलांची. ती चार पावले ग्रंथालयाच्या दारापासून कपाटापर्यंतची असतात.

हा विचार आपल्या देशाला नवा आहे असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले आणि बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव महाराज यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९०६ पासून ते साऱ्या राज्याला लागू झाले. पण शाळेत अक्षर शिकलेले मूल पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांनी त्याच्या जोडीने स्वतःला विचारला. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्याच्यावर सोपविले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र सोय झाली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापुढे जादूच्या कंदिलाची चित्रे दाखविली जात. पुस्तक, चित्र आणि गोष्ट ही तिन्ही एकाच घरात नांदली पाहिजेत, ही आज नवी वाटणारी कल्पना बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी अमलात आणली होती.

त्यानंतर १९३१ साली मद्रासमध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे आपले पाच नियम मांडले. त्यांतील पहिलाच नियम असा, की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. हे सांगावयास एवढा विद्वान कशाला हवा, असे एखाद्याला वाटेल. पण ज्याने कुलुपे पाहिली आहेत त्याला या वाक्याचे वजन कळते. ग्रंथ साखळदंडाने मेजाला बांधून ठेवण्याची चाल एके काळी युरोपात होती. आपण साखळ्या वापरल्या नाहीत; काचेची कपाटे केली.

पुढे २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिल्लीच्या जुन्या रेल्वे स्थानकासमोर दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. युनेस्कोच्या साहाय्याने उभारलेला तो एक प्रयोग होता. आशियातील नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात वर्गणी न घेता, कपाटे खुली ठेवून, आबालवृद्धांसाठी ग्रंथालय चालविता येते काय, हे त्यातून पाहावयाचे होते. तेथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. १९५३ मध्ये त्याचे फिरते वाचनालय मोटारीतून वस्त्यावस्त्यांत जाऊ लागले. लोकांना खुले कपाट दिले तर ते पुस्तके पळवतील, ही शंका त्या काळीही घेतली गेली असेलच. पण ते ग्रंथालय आजही उभे आहे.

आता ही शंकाच आपण जरा निरखून पाहू, कारण साऱ्या कुलुपांच्या मुळाशी तीच आहे.

भारत सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसंबंधी एक नियम आहे. २०१७ च्या आवृत्तीत त्याचा क्रमांक २१५ आहे. आम्हां सरकारी नोकरांच्या वाचनात काव्य क्वचितच येते, पण हा नियम मला एखाद्या सुभाषितासारखा वाटतो. तो म्हणतो, की वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी तेथे बसून पाहिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची घट वाजवी समजावी. मात्र ती घट अप्रामाणिकपणाने वा निष्काळजीपणाने झालेली नसावी. हजार रुपयांहून अधिक किमतीचे आणि दुर्मिळ ग्रंथ यांना हे लागू नाही. त्यांची चौकशी झालीच पाहिजे. मुलांच्या पुस्तकांत हजार रुपयांवरचे पुस्तक शोधूनही क्वचितच सापडेल, तेव्हा त्या अपवादाची चिंता आपण करू नये.

या नियमातील मर्म असे आहे, की घटीचे माप संग्रहातील पुस्तकांवर ठरत नाही, देवघेवीवर ठरते. ज्या ग्रंथालयाने वर्षभरात दोन हजार वेळा पुस्तक वाचकाच्या हाती दिले, त्याला दहा पुस्तके हरवण्याची मुभा आहे. ज्याने एकही पुस्तक दिले नाही, त्याला एकही हरवण्याचा अधिकार नाही. म्हणजे वाचकांवर ठेवलेल्या विश्वासाची किंमत शासनाने आधीच हिशेबात धरली आहे. हा नियम केंद्र शासनाच्या ग्रंथालयांपुरता आहे, लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांवर तो बंधनकारक नाही, हे मी जाणतो. पण त्यामागचा विवेक कोणालाही उसना घेता येईल.

त्या तालुक्याच्या ग्रंथालयाला मी पुढे एक पत्र लिहिले. बालविभाग मुलांसाठी रोज खुला ठेवावा, अशी त्यात सूचना होती. सूचना करणे सोपे असते. कार्यवाहांचे उत्तर आले ते मात्र मला खाली पाहावयास लावणारे होते. त्यांनी लिहिले होते, की पूर्वी ते कपाट उघडेच असे. एका वर्षी काही पुस्तके गहाळ झाली, तपासणीत आक्षेप निघाला, आणि त्या पुस्तकांची किंमत ग्रंथपालांच्या तुटपुंज्या मानधनातून कापून घ्यावी लागली. त्या दिवसापासून कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या कमरेला आहे. "त्यांना दोष कसा द्यावा?" असे विचारून त्यांनी पत्र संपविले होते.

मला त्या वेळी माझे लहानपण आठवले. मी चौदा वर्षांचा असताना आमच्या गावच्या वाचनालयात ग्रहताऱ्यांवरील एक जाडजूड पुस्तक मागितले. ते मोठ्यांच्या विभागातले होते. मुलांच्या वर्गणीवर ते मिळत नसे. "वडिलांना घेऊन ये," असे मला सांगण्यात आले. वडील परगावी नोकरीला होते. देवघेवीच्या खिडकीशी बसणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी माझा चेहरा पाहिला, आणि ते पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन माझ्या हाती दिले. "पंधरा दिवसांनी आणून दे," एवढेच ते म्हणाले. ते पुस्तक माझ्या हातून हरवले असते, तर त्याचे पैसे कोणी भरले असते, हा विचार मला त्या पत्रापर्यंत कधीच शिवला नव्हता.

तेव्हा बालविभागाच्या कुलुपाची खरी किल्ली ग्रंथपालाच्या कमरेला नसते. ती तपासणी करणाऱ्याच्या लेखणीत असते. आम्ही हरवलेल्या पुस्तकांबद्दल आक्षेप लिहितो, पण न वाचलेल्या पुस्तकांबद्दल कधीच लिहीत नाही. फाटलेल्या पानासाठी खुलासा मागतो, पण कोऱ्या पानासाठी मागत नाही. ही चूक माझ्या वर्गाची आहे, आणि ती सुधारण्यास नवे अनुदान लागत नाही.

कुलूप निघाले, म्हणजे काम झाले असे मात्र नाही. तेथे काम सुरू होते. मुलांच्या विभागाला थोडक्याच वस्तू लागतात, पण त्या मुलांच्या मापाच्या लागतात. कपाटाचा वरचा खण मुलाच्या हाताला पोहोचला पाहिजे. लहानांची चित्रमय पुस्तके पाठ दाखवीत न ठेवता मुखपृष्ठ दाखवीत ठेवावीत, कारण अक्षर न येणारे मूल चित्रावरूनच पुस्तक निवडते. बसावयास सतरंजी पुरते. आणि मुलाच्या नावाचे स्वतंत्र ओळखपत्र असावे. वडिलांच्या पत्रावर पुस्तक नेणे आणि स्वतःच्या पत्रावर नेणे यांत मुलाच्या लेखी फार मोठे अंतर असते. आपल्या नावावर काहीतरी सोपविले गेले आहे, हा अनुभव त्याला बहुधा येथेच प्रथम येतो. वर्गणी आणि अनामत यांचाही विचार व्हावा. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः निःशुल्क असावी, असे युनेस्कोच्या जाहीरनाम्याचे सांगणे आहे. २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हाही ते कायम राहिले. महाराष्ट्रातील बहुतेक ग्रंथालये संस्थांनी चालविलेली आहेत आणि १९६७ च्या कायद्यान्वये त्यांना अनुदान मिळते. मोठ्यांची वर्गणी त्यांना सोडता येणार नाही. पण मुलांची सोडता येईल काय, हा विचार करण्यास हरकत नाही. कर्नाटकात २०२० पासून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतून मुलांना विनामूल्य सभासद करून घेण्याची मोहीम झाली. शेजारच्या घरात जे घडले ते आपल्या घरात अशक्य असते असे नाही.

यानंतर येतो तो गोष्टींचा तास. तो आठवड्यातून एकदाच असावा, पण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी असावा. पाहुणे आले म्हणून व्हावा आणि पाहुणे नाहीत म्हणून राहावा, असे नको. गोष्ट सांगणाऱ्याने पुस्तक हाती धरून सांगावी, आणि ती संपताच त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवलेल्या असाव्यात. ऐकलेली गोष्ट पुन्हा स्वतः वाचण्याची ओढ मुलांना असते. गावातील निवृत्त शिक्षिका, आजीबाई, महाविद्यालयातील एखादा तरुण, अशी माणसे या कामाला मिळतात. त्यांना बोलावणारा मात्र हवा. केरळात पणिक्करांनी १९४५ पासून जी ग्रंथालय चळवळ संघटित केली, तिच्यातील ग्रंथालयांना जोडून मुलांची 'बालवेदी' नावाची मंडळे चालतात. ग्रंथालय हे मुलांच्या भेटण्याचेही ठिकाण आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे शाळाशाळांतून निघणारी हस्तलिखिते हा तसाच एक सुंदर प्रघात होता. ग्रंथालयाने मुलांचे हस्तलिखित वर्षातून एकदा काढावे, त्याला रीतसर दाखल क्रमांक द्यावा आणि ते इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवावे. फाटकी पुस्तके चिकटविण्यास, शिवण्यास मुलांनाच शिकवावे. ज्या मुलाने एक पुस्तक शिवले आहे, ते दुसरे पुस्तक फाडताना हात आवरते.

श्रोतेहो, लहान मुलांबद्दल एवढा तरी विचार आपण करतो. खरी उपेक्षा होते ती तेरा ते अठरा या वयाची. बालविभागातील पुस्तके त्यांना पोरकट वाटतात, आणि मोठ्यांच्या विभागात त्यांना प्रवेश नसतो. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला पऱ्यांच्या गोष्टींच्या कपाटाकडे बोट दाखविले, की तो पुन्हा येत नाही. या वयात मनात येणारे प्रश्न घरी विचारता येत नाहीत, शाळेत विचारण्यास वेळ नसतो. आपल्या शरीरात काय घडते आहे, देव आहे की नाही, वडिलांचा धंदा सोडून आपण काय करावे, आपल्या जातीला लोक असे का वागवतात, हे सारे प्रश्न एखाद्या पुस्तकाला विचारता येतात. पुस्तक कोणाला सांगत नाही.

अलीकडे पुष्कळ ग्रंथालयांनी अभ्यासिका काढल्या आहेत. त्या फार उपयोगी आहेत; ज्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात, त्यांना शांत जागा आणि दिवा ही मोठीच देणगी आहे. पण त्या अभ्यासिकेत कुमार वाचक आपली परीक्षेची पुस्तके घेऊन येतो आणि तीच घेऊन परत जातो. ग्रंथालय त्याला खुर्ची देते, ग्रंथ देत नाही. अभ्यासिकेतच एक उघडी मांडणी ठेवावी. तीत चरित्रे, प्रवासवर्णने, विज्ञान, कुमार विश्वकोशाचे खंड, चांगल्या कादंबऱ्या ठेवाव्यात. कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरविताना दोन-चार मुलामुलींना निवड समितीत बसवावे. त्यांनी सुचविलेले प्रत्येक पुस्तक आपल्या पसंतीचे नसेल. आपण निवडलेले तरी त्यांच्या पसंतीचे कोठे असते?

महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांचीही मला येथे आठवण होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथील मराठी घरांतून मुले मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. हिंदी भाषक प्रांतात देवनागरी तरी डोळ्यांखालून जाते. दक्षिणेत ती अनोळखी होऊ लागते. अशा मुलांना 'वाच' म्हणण्यापूर्वी वाचून दाखविले पाहिजे. तेथील मराठी संस्थांच्या ग्रंथसंग्रहांत जुन्या कादंबऱ्या विपुल असतात, मुलांची नवी पुस्तके थोडी. त्यांना बडोद्याच्या पेट्यांचा मार्ग आजही मोकळा आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली, तिनेही पेटीचाच आश्रय केला. संगणकावर 'किशोर'चे जुने अंक विनामूल्य वाचावयास मिळतात. मुलांसाठी आणि कुमारांसाठी अनेक भारतीय भाषांतील राष्ट्रीय ई-पुस्तकालय २०२४ मध्ये सुरू झाले. ही साधने मोलाची आहेत. पडद्यावर वाचले म्हणून वाचन हलके होत नाही. पण शेकडो पुस्तकांपैकी 'हे तू वाच, तुला आवडेल' असे म्हणणारे, मुलाला नावाने ओळखणारे माणूस हवे असते. ते माणूस म्हणजे ग्रंथपाल. त्याच्या कमरेची किल्ली काढून घ्यावयाची, तर त्याच्या मनातील भीती आधी काढली पाहिजे.

त्या तालुक्याच्या ग्रंथालयाचे पुढे काय झाले, हे सांगून मी थांबतो. कार्यकारी मंडळाने ठराव केला, की बालविभागातील वाजवी घट दरवर्षी मंडळापुढे ठेवून निर्लेखित करावी, ग्रंथपालांकडून वसूल करू नये. कपाटांचे कुलूप निघाले. दीड वर्षाने मी पुन्हा तेथे गेलो. काही पुस्तके परत आली नव्हती. घट नियमाच्या मापाहून किंचित अधिकच भरली. पुष्कळ पुस्तकांचे कोपरे गोल झाले होते, काहींना वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेले होते, एका पुस्तकातील वाघाला कोणीतरी चष्मा काढला होता. देवघेवीच्या वहीत मात्र मुलांच्या नावांची पानेच्या पाने भरली होती. पायरीवरची ती मुलगी त्या नावांत होती की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. तिचे नाव मी त्या दिवशी विचारलेच नव्हते.

शेरा लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळली. सवयीने 'पुस्तकांची स्थिती' या रकान्यापाशी आलो. मग लिहिले : "पुस्तके वापरात आढळली."